लाल बटणाचा टेप

छत्रपती संभाजीनगरात जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात साडेसहाशे रुपयांना एक जुना टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकाच डब्यात, मिळाला. हल्लीची पोरं त्याला बूमबॉक्स म्हणतात, आमच्या परभणीकडं नुसतं टेप म्हणायचे. दोन बाजूंना स्पीकर, वर मूठ, मागं सहा मोठ्या सेलचा खण. 'चलता नै, देख के लेव,' चाचांनी आधीच सांगितलं. तरी घेतला.

उघडला तर आतला रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा चिकटलेला. स्पिरिट आणि कापसानं पुली पुसल्या, हेड पुसलं, नवा बेल्ट चढवला. अख्खी संध्याकाळ गेली, पण फार आनंदात गेली.

जुन्या कॅसेटचा आवाज जास्त गोड असतो, हे मला पटत नाही. जेमतेम चार मिलिमीटरची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरनं सरकते, खरखर येणारच. गाणी मोबाइलवर जास्त स्वच्छ वाजतात. माझा जीव अडकलाय तो आवाज भरायच्या, रेकॉर्डिंगच्या त्या लाल बटणात. १९६३ साली फिलिप्सनं कॅसेट आणली, तीही मुळात बोलणं टिपून ठेवायला. रेडिओवर कायम दुसऱ्यांचेच आवाज. टेप घरात आला तेव्हा माझ्या आजीनं स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला आणि पदर तोंडाला लावून बसली.

मामानं १९९१ साली तिच्या जात्यावरच्या ओव्या साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरल्या. वर कुणी चुकून गाणी भरू नयेत म्हणून कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकले. म्हणून ती वाचली. अशा कॅसेट तुमच्याही माळ्यावर असतील. भंगारात घालायच्या आधी एकदा ऐका हो, आणि मोबाइलवर उतरवून घ्या. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर मात्र लगेच लावू नका, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.

मी ती ओव्यांची कॅसेट लावली तर आजीचा आवाज जडशीळ, पुरुषी. वेग कमी पडत होता. मोटारीच्या मागच्या भोकात बारीक स्क्रू असतो, तो पेचकसानं केसभर फिरवत बसलो. आईला शेजारी बसवलं. तिनं डोळे मिटले होते.

"अजून थोडं... अं हं, लई झालं. मागं घे."

घेतलं.

"हां. आता माय बोलली माझी."

मग जात्याची घरघर आणि ओव्या, बाजू संपून बटण खट्कन वर येईपर्यंत. आई म्हणाली, "उलटी कर."