पेज व्ह्यू दुप्पट, डोकेदुखी चौपट

वेबसाइटवर टॅग मॅनेजर लावायचा कशाला? तर सगळं ट्रॅकिंग, म्हणजे भेटी मोजणाऱ्या छोट्या कोडचं (टॅगचं) काम, एका जागी राहावं म्हणून. पण दर वेळी थीमच्या हेडरमध्ये (प्रत्येक पानाच्या वरच्या कोडमध्ये) कुणीतरी भेटी मोजणाऱ्या अ‍ॅनालिटिक्सचा जुना कोड तसाच ठेवलेला असतोच! मग ‘ऑल पेजेस’ ट्रिगरवर (कुठलंही पान उघडलं की) टॅग चालतो, जुना कोडही चालतो, पान एकदा उघडलं की व्ह्यू दोन. आणि साहेब खूश, ट्रॅफिक वाढलं म्हणे! खरा आकडा सांगितला की वाईट मीच. सिंगल पेज अ‍ॅप (एकाच पानात मजकूर बदलत राहणारी साइट) असेल तर विचारूच नका. पान रीलोड होत नाही म्हणून ‘हिस्टरी चेंज’ ट्रिगर (ब्राउझरमधला पत्ता बदलला की टॅग चालवणारा) लावावा, तर अ‍ॅनालिटिक्स तेच बदल आपणहून मोजत बसलेलं. वर साहेबांचा प्रश्न, ‘प्रीव्ह्यूमध्ये (चाचणीत) दिसतंय, लाइव्हवर का नाही?’ अहो, पब्लिश करायची (बदल लाइव्ह करायची) परवानगी तुम्हीच अडवून ठेवलीय!