तिथीने न्यूटन, तारखेने गॅलिलिओ

रात्री दहाला, म्हणजे कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याने शटर ओढल्यावर, आमच्या कन्येला आठवलं की उद्या इतिहासाचा प्रकल्प द्यायचाय. वर्गात चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एकेक साल वाटलेलं. हिच्या नशिबी 1642. घटना, जन्म, मृत्यू, शिवाय चित्रं.

"सोप्पंय," मी म्हणालो आणि घरातल्या एकुलत्या एक कार्डशीटवर मधोमध, न पुसणाऱ्या मार्करने लिहिलं: 'गॅलिलिओ गेला, त्याच साली न्यूटन जन्मला!'

मग तारखा टाकायला बसलो. गॅलिलिओ गेला 8 जानेवारी 1642 ला. न्यूटनचा जन्म 25 डिसेंबर 1642. पण इंग्लंड तेव्हा जुनंच कॅलेंडर कवटाळून बसलेलं, इटलीच्या दहा दिवस मागे. इटलीच्या हिशेबाने न्यूटन 4 जानेवारी 1643 चा. बरं, जुनं कॅलेंडर धरावं, तर न्यूटन बसतो. पण गॅलिलिओ सरकतो 29 डिसेंबर 1641 वर. आखूड पांघरुणासारखं. डोकं झाकावं तर पाय उघडे.

आई वाती वळत ऐकत होती. "एवढं काय त्यात? एकाचं तिथीने धर, एकाचं तारखेने."

मी हसलो. मग लक्षात आलं, सगळं जग नेमकं हेच करत आलंय.

बाकीचं भराभर उरकलं. इंग्लंडच्या चार्ल्स राजाने नॉटिंगहॅमला निशाण उभारून आपल्याच पार्लमेंटशी युद्ध मांडलं. तास्मान या डच दर्यावर्दीला टास्मानिया दिसला, न्यूझीलंड दिसलं. ऑस्ट्रेलियाची अख्खी मुख्य भूमी मात्र दिसली नाही. (फ्रिजमधलं लोणी न दिसणाऱ्या माणसाने यावर बोलू नये.) रेम्ब्रँटचं 'नाइट वॉच' खरं तर दिवसाचं चित्र. वरचं वार्निश काळवंडत गेलं, म्हणून ते रात्रीचं ठरलं. वार्निशला त्यासाठी कित्येक वर्षं लागली. आमच्या प्रिंटरने ते काम अर्ध्या मिनिटात केलं.

साडेबाराला पास्कलपाशी पोचलो. हा पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा. बाप करवसुलीच्या बेरजा करकरून थकतो, म्हणून याने गणकयंत्र बनवायला घेतलं. मुलगा, बापाचं काम हलकं करायला! हे वाक्य मी मुद्दाम दोनदा, मोठ्याने वाचलं.

उत्तर आलं नाही. कन्या टेबलावरच डोकं टेकून झोपली होती, गालाला गॅलिलिओची कापलेली दाढी चिकटलेली.