गाळात पुरलेले प्लास्टिक जिरत नाही

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गावच्या मंडळाने पुळण झाडून काढली आणि गोळा झालेला पंधरा-सोळा पोती कचरा सुरूच्या बनाच्या कडेला, वाळूत कमरेएवढा खड्डा खणून पुरला. माझा धाकटा भाऊ त्या मंडळात आहे आणि खड्ड्यासाठी पहिले फावडे त्यानेच मारले. एवढ्या कष्टाने गोळा केलेला कचरा गाडीपर्यंत न नेता तिथेच का पुरला, असे विचारल्यावर त्याने मला मोबाइलवर आलेला एक मजकूर दाखवला. यंदा गणपती उलटल्यावर तोच मजकूर, एक अक्षरही न बदलता, गावच्या आणि भावकीच्या गटांवर पुन्हा फिरू लागला आहे आणि मंडळ नव्या खड्ड्याची जागा पाहू लागले आहे. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

‘समुद्र सगळे पचवतो’ असा त्या मजकुराचा मथळा आहे. तो एका ‘निवृत्त शास्त्रज्ञा’च्या नावावर खपवला आहे, प्रत्यक्षात त्यात ना नाव आहे ना संस्था. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ऊन आणि खारे पाणी यांमुळे प्लास्टिक विरघळते. उरलेले तळाच्या गाळात जाऊन कायमचे बंद होते, त्यामुळे किनाऱ्यावरचा कचरा वाळूत पुरणे हाच निसर्गाचा मार्ग आहे. विघटनशील पिशव्या तर समुद्रात 90 दिवसांत नाहीशा होतात. माणूस दर आठवड्याला एटीएम कार्डाएवढे प्लास्टिक खातो हा आकडा खोटा आहे, म्हणून मायक्रोप्लास्टिकचा सगळा विषयच खोटा आहे. समुद्रात थोडेफार प्लास्टिक असलेच तर ते मच्छीमारांच्या जाळ्यांचे आहे, घरांचा त्याच्याशी संबंध नाही. आणि हे सारे परदेशी लोकांनी उठवलेले काहूर आहे.

उन्हाबद्दलचे म्हणणे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. गच्चीवर चार-पाच वर्षे उन्हात राहिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागते आणि एक दिवस बसता बसता तिचा पाय मोडतो. उन्हातील अतिनील किरण प्लास्टिकच्या लांब रेणूंच्या साखळ्या तोडतात, त्यामुळे ते ठिसूळ होते, तडकते आणि त्याचे तुकडे पडतात. साखर पाण्यात विरघळते तसे यात काहीही विरघळत नाही, आणि पाण्याच्या खारटपणाचा तर याच्याशी संबंधच नाही. एक सेंटिमीटर बाजूचा घनाकार तुकडा मोडून एक मिलिमीटर बाजूचे तुकडे झाले तर एकाचे हजार होतात. वजन तेवढेच राहते, पृष्ठभाग मात्र दहा पटीने वाढतो. पाच मिलिमीटरहून लहान अशाच कणांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. म्हणजे मजकूर ज्याला ‘पचवणे’ म्हणतो तीच मायक्रोप्लास्टिक तयार होण्याची रीत आहे.

आता गाळाबद्दल. या मुद्द्यावर मी अधिक थांबणार आहे, कारण आमच्या गावात खड्डा खणला गेला तो यावर विश्वास ठेवून.

सूक्ष्म कणांसाठी ‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द ज्या लेखामुळे रूढ झाला तो लेख मुळात गाळाबद्दलच होता. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी यांनी 2004 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. प्रश्न साधा होता: इतकी वर्षे समुद्रात जाणारे प्लास्टिक गेले कुठे? त्यांनी प्लिमथच्या आसपासच्या पुळणींवरील वाळू, खाडीमुखांतील गाळ आणि ओहोटीलाही पाण्याखाली राहणाऱ्या तळावरील गाळ घेतला, तो मिठाच्या संपृक्त पाण्यात ढवळला, वर तरंगून आलेले कण वेगळे काढले आणि ते कशाचे आहेत हे अवरक्त किरणांच्या साहाय्याने ओळखले. त्यांत नायलॉन, पॉलिस्टर, अॅक्रिलिक, पॉलिथिलीन, पॉलिप्रोपिलीन असे आपल्या घरांतून आणि होड्यांवरून गेलेले पदार्थ निघाले. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील समुद्रातून 1960 च्या दशकापासून जपून ठेवलेले प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगत राहणाऱ्या बारीक जीवांचे, नमुनेही त्यांनी तपासले. त्यांतील प्लास्टिकचे तंतू काळाबरोबर वाढलेले दिसले. याच अभ्यासात वाळूतील किडे आणि खडकांवरील बार्नॅकलसारखे जीव काचेच्या टाक्यांत ठेवून पाहिले, तेव्हा थोड्याच दिवसांत त्यांच्या पोटात ते कण आढळले. गाळात प्लास्टिक ‘बंद’ होत नाही, गाळात जे राहतात त्यांच्या पोटात ते जाते, हे वीस वर्षांपूर्वीच समजले होते.

आमच्याकडे ओहोटीला खाडीच्या तोंडाशी तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायला बायका जातात. तिसरी वाळूत रुतून बसते, नळी वर काढून पाणी आत ओढते आणि त्यातील अन्न गाळून घेते. कालव खडकाला चिकटून तेच करते. चिखलातले किडे तर चिखलच खातात, त्यातले सत्त्व घेतात आणि उरलेला चिखल मागे टाकतात. असे करताना वरचा थर खाली आणि खालचा वर होत राहतो. कुर्ली बीळ उकरते तेव्हाही हेच घडते. गाळ हे असे अखंड नांगरले जाणारे शेत आहे. त्यात पुरलेली वस्तू पुरलेलीच राहील, असे किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाने मानावे याचे मला फार वाईट वाटते, कारण हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

वाळूतील किड्यांना प्लास्टिकमिश्रित गाळात ठेवल्यावर त्यांच्या शरीरातील ऊर्जेचा साठा निम्म्यापर्यंत घटल्याचे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले होते. त्या प्रयोगातील प्लास्टिकचे प्रमाण वजनाने पाच टक्क्यांपर्यंत होते आणि बहुतेक किनाऱ्यांवर ते त्याहून फार कमी असते, हेही सांगितले पाहिजे. परंतु प्रमाण कमी असणे आणि ते मुद्दाम वाढवत नेणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गुजरातेत अलंग-सोसिया येथे जहाजे मोडली जातात, तिथल्या गाळात दर किलोमागे सरासरी 81 मिलिग्रॅम प्लास्टिकचे बारीक तुकडे सापडल्याचे 2006 सालच्या एका अभ्यासात नोंदवले आहे. इटलीच्या पश्चिमेकडील टिरेनियन समुद्राच्या तळावर, केवळ पाच सेंटिमीटर जाडीच्या थरात, एका चौरस मीटरमध्ये 19 लाखांपर्यंत कण आढळल्याचे 2020 साली ‘सायन्स’मध्येच आले. तळावरचे प्रवाह गाळाबरोबर हे कण वाहून नेतात आणि ठरावीक जागी त्यांचे ढीग करतात. त्याच प्रवाहांबरोबर तळावरच्या जीवांना प्राणवायू आणि अन्नही पोचते.

शिवाय गाळात गेल्यावर प्लास्टिकचा नाश लांबतो. तिथे ऊन पोचत नाही, तापमान कमी असते आणि थोड्या खोलीवर प्राणवायूही नसतो. एकाच मजकुरात प्लास्टिक उन्हाने नष्ट होते असे सांगायचे आणि मग ते अंधारात पुरायला लावायचे, यातली विसंगती पुढे पाठवणाऱ्या एकाच्याही लक्षात येऊ नये?

आमच्या खड्ड्याचे काय झाले ते मी यंदा गणपतीत पाहिले. जुलैच्या उधाणाने सुरूची मुळे उघडी पाडली होती आणि खड्ड्याची समुद्राकडची बाजू कापून नेली होती. उरलेल्या भिंतीतून पोत्यांच्या चिंध्या लोंबत होत्या. दुधाची एक पिशवी मी ओढून काढली, तिच्यावर छापलेली तारीख वाचता येत होती आणि ती दोन वर्षांपूर्वीची होती. हिरव्या दोरखंडाचा हातभर तुकडा उचलला तर त्याचे केसासारखे धागे बोटांना चिकटून आले. थर्माकोलचे दाणे तर सुरूच्या सुयांमध्ये असे मिसळले होते की ते वेचणे आता कोणाच्याही हातचे राहिलेले नाही. पंधरा पोती भरताना जे हाताने उचलता येत होते, ते आम्ही दहा महिन्यांत उचलता न येणारे करून ठेवले.

त्याच संध्याकाळी घरी थॉम्पसन यांच्या पद्धतीची अगदी ढोबळ नक्कल करून पाहिली. एक लिटर पाण्यात साधारण साडेतीनशे ग्रॅम मीठ विरघळवले, पाणी फडक्यातून गाळून घेतले आणि त्यात खड्ड्याखालच्या भरतीरेषेवरची दोन मुठी वाळू टाकून ढवळले. वाळू बसल्यावर वर निळे-हिरवे धागे, पांढरे दाणे आणि नखाच्या टोकाएवढ्या लाल-पिवळ्या कपच्या तरंगत होत्या. सुरूच्या काड्या होत्याच, पण रंगांवरून फरक कळत होता. पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक या पाण्यापेक्षाही जड असते, त्यामुळे ते वर येत नाही, आणि खरे बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणजे पातेल्यात जे दिसले ते असलेल्यापेक्षा कमीच. भाऊ बराच वेळ पातेल्याकडे पाहत उभा होता.

विघटनशील पिशव्यांच्या बाबतीत मजकुरात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. प्लिमथ विद्यापीठातच इमोजेन नॅपर आणि थॉम्पसन यांनी निरनिराळ्या पिशव्या तीन वर्षे उघड्या हवेत, मातीत आणि समुद्रात ठेवून पाहिल्या. निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाले. त्यांतील ‘कंपोस्ट होणारी’ पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली होती. 90 दिवसांचा आकडा बहुधा इथूनच उचलला आहे. मात्र तीच पिशवी मातीत 27 महिन्यांनंतरही शिल्लक होती. आणि ‘विघटनशील’ म्हणून विकली जाणारी पिशवी तीन वर्षे मातीत आणि समुद्रात राहूनही बाजारहाटाचे वजन पेलण्याइतकी धड होती. मजकुराने एका पिशवीचा गुण दुसरीच्या नावावर लावला आहे. बाजारात पिशवीवर हिरवे पान छापलेले असते, ती यांपैकी कोणती हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

एटीएम कार्डाचा आकडा चुकीचा आहे, हेही खरे. आठवड्याला पाच ग्रॅम हा अंदाज 2019 साली जगभर गाजला; त्यामागच्या हिशेबावर नंतर शास्त्रज्ञांनीच कडक टीका केली. 2021 साली नेदरलँड्समधील वागेनिंगन विद्यापीठाच्या गटाने केलेला अंदाज प्रौढांसाठी आठवड्याला सुमारे चार मायक्रोग्रॅम इतका निघतो, म्हणजे दहा लाख पटींहून कमी. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 2018 साली भारतीय समुद्री मीठ तपासले; त्यात किलोमागे सुमारे 64 मायक्रोग्रॅम प्लास्टिक होते, आणि रोज पाच ग्रॅम मीठ धरले तर वर्षाचे 117 मायक्रोग्रॅम होतात. तेव्हा एटीएम कार्डाचा आकडा ऐकून भेदरलेल्या माझ्या वहिनीने मासळी बंद करण्याचे कारण नाही. माशात हे कण मुख्यतः आतड्यात सापडतात आणि आपण मासा साफ करून खातो. तिसऱ्या-कालवे सगळीच्या सगळी खातो, तिथे थोडे अधिक जाते. पण माणसाच्या पोटात किती जाते यावरचा एक अंदाज चुकला म्हणून गाळात सापडलेले कण नाहीसे होत नाहीत.

जाळ्यांबद्दल मच्छीमारांना दोष देणे मला पटत नाही, तरी आमच्या खड्ड्यात दोर आणि जाळी बरीच होती हे नाकारता येणार नाही. पण त्याच खड्ड्यात दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या आणि गुटख्याची वेष्टने होती, ती कोणत्या होडीवरून आली? अॅक्रिलिकच्या कपड्यांच्या सहा किलोंच्या एका धुण्यातून सात लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात, असे नॅपर आणि थॉम्पसन यांनीच 2016 साली दाखवले आहे. हे तंतू मोरीतून गटारात आणि गटारातून खाडीत जातात.

परदेशी कारस्थानाच्या आरोपाला दोन ओळी पुरेत. वर्सोव्याच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेतील संशोधकांनी मुंबईच्या चार चौपाट्यांवर मोजणी केली आणि 2013 साली दर चौरस मीटरला सरासरी 68.83 नग नोंदवले; त्यांत सुमारे 42 टक्के एक ते पाच मिलिमीटरचे होते. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केरीपासून गालजीबागपर्यंतच्या किनाऱ्यांवर प्लास्टिकच्या कच्च्या गोळ्यांचा, म्हणजे ज्या वितळवून वस्तू बनवतात त्या दाण्यांचा, अभ्यास केला आहे. ही माणसे आपल्याच किनाऱ्यावर वाकून वाळू चाळत होती.

मंडळाला माझी विनंती आहे की नवा खड्डा खणू नये आणि जुना उपसावा. किनारा नियमन क्षेत्राच्या 2019 च्या अधिसूचनेनुसार गावाशहरांचा कचरा टाकून तिथे भराव घालायला बंदीही आहे. वाळू भिजलेली असताना तुकडे कमी उडतात, म्हणून येत्या अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला सकाळी काम सुरू करावे असे भावाचे म्हणणे आहे. दोन बांधकामाच्या चाळण्या, आठ घमेली आणि तालुक्यापर्यंत एक टेम्पो एवढी सोय झाली आहे. पोती मात्र तागाची आणावीत. गेल्या वेळची प्लास्टिकची पोती त्या भिंतीत अजून लोंबत आहेत.