मेडिकलवाल्याकडे काहीही मागा, विचारू मात्र नका

आठवड्यातून किती वेळा मेडिकलमध्ये जावं, असा प्रश्न पडत असेल तर तुम्ही मुंबईत नवीन आहात. इथे मेडिकलमध्ये मुद्दाम कोणी जात नाही, ते स्टेशनच्या वाटेवर लागतंच. सकाळी गाडी पकडायला जाताना डोकं धरलेलं असतं, रात्री उतरल्यावर छातीत जळजळत असतं आणि सोमवारी आदल्या दिवशीचं मटण बोलत असतं. तेव्हा जा, रोज जा. फक्त एक पथ्य पाळा: मेडिकलवाल्याकडून औषध घ्यायचं, औषधाची माहिती घ्यायची नाही.

तो बारावीनंतर दोन वर्षं डी.फार्म. किंवा चार वर्षं बी.फार्म. करून बसलेला असतो. कोणती गोळी पोटात जाऊन काय करते आणि कशाशी भांडते, हे त्याला शिकवलेलं असतं. त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर टांगलंय ना, मग ती विद्या तिथेच राहू द्या. (कधीकधी सर्टिफिकेट भिंतीवर असतं आणि त्यावरचा माणूस दुकानात नसतो. तिथे तर प्रश्नच मिटला.) तुम्हाला त्याच्याकडून हवी असते ती कात्री.

ती कशी वापरून घ्यायची, ते करी रोड स्टेशनबाहेर रात्री साडेनऊला उभं राहून शिका. मागे पाच जण, हातात भाजीची पिशवी, कानाला फोन.

‘ओ दादा, ती द्या ना. पांढरी. मधे रेघ असते बघा.’

अर्ध्या दुकानातल्या गोळ्या पांढऱ्या असतात आणि बऱ्याच जणींना मधे रेघही असते. तरी तो दोन सेकंद तुमच्याकडे बघतो आणि बरोबर खणात हात घालतो. मग म्हणायचं, ‘चारच द्या.’ दहाच्या स्ट्रिपला कात्री लागते. अशा वेळी एक्सपायरीची तारीख छापलेला तुकडा दुकानातच राहील याची काळजी घ्या. आपल्या वाट्याला औषधाचं अर्धं नाव आलं की पुरे. घरी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ‘...मायसिन ५००’ असा तुकडा सापडला की पुढच्या तापाला डॉक्टरांचे पैसे वाचतात.

काही पाकिटांवर उभी लाल रेघ असते. ही गोळी चिठ्ठीशिवाय घेऊ नका, हे लोकांना कळावं म्हणून सरकारने २०१६ साली त्या रेघेची मोहीमच काढली होती. तुम्ही ती डिझाईन समजा. मार्च २०१४ पासून तर शेड्यूल एच-वन नावाची औषधांची वेगळी सरकारी यादीच आहे. त्यातली औषधं विकताना डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. म्हणजे बिचाऱ्याने ‘चिठ्ठी?’ म्हणून विचारलं की राग मानू नका. ‘मागच्या वेळी दिली होतीत की,’ हे उत्तर सहसा चालतं. नाही चाललं तर मोबाईलमधला मेव्हण्याच्या चिठ्ठीचा फोटो दाखवा. २०१९ चा असला म्हणून काय झालं, घशात तसंच खवखवतंय ना?

तीन दिवसांचा कोर्स असेल तर दुसऱ्या दिवशी ताप उतरताच थांबा. तिसरी गोळी डब्यात. क्षयाची औषधंही त्याच एच-वनमध्ये आहेत, आणि औषधांना दाद न देणारा क्षय या शहराला नवा नाही. पण तो विषय शिवडीच्या हॉस्पिटलचा. आपण करी रोडला उतरतो.

खरी मजा पावसाळ्यात. दादरच्या हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून चालत आलात की पालिका सांगते, लेप्टोचा, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका आहे, ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्या. यातलं ‘डॉक्टरांच्या सल्ल्याने’ गाळा आणि डॉक्सिसायक्लीन मागा. कशी घ्यायची हे विचारायचं नाही. घरी येऊन ग्लासभर दुधाबरोबर घ्या, पोटाला बरं. दुधातलं कॅल्शियम या गोळीला धरून ठेवतं आणि ती अंगात कमी लागते. दूध संपलं असेल तर अंथरुणात आडवं होऊन कोरडीच गिळा. मग ती अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम करते. सकाळी जळजळ होते, तुम्ही पुन्हा मेडिकलमध्ये, आता अँटासिडसाठी. ते दुसऱ्या गोळीच्या जोडीनेच घ्या, कारण अँटासिडही तिला अंगी लागू देत नाही. एकच प्रश्न गिळला तर तीन फेऱ्या होतात. दुकानदाराची बोहनी, तुमचा व्यायाम.

मी स्वतः एकदा हे पथ्य मोडलं. आईच्या नेहमीच्या गोळ्या घेताना सहज तोंडून निघालं, ‘या सगळ्या एकदम घेतल्या तर चालतात का हो?’

मागच्या टेबलावर बिलं लावत बसलेले पांढऱ्या केसांचे गृहस्थ उठून पुढे आले. चष्मा कपाळावरून नाकावर आला. ‘थायरॉइडची गोळी कधी घेतात?’

‘सकाळी. चहाबरोबर.’

‘आणि ही कॅल्शियमची?’

‘तेव्हाच. विसरायला नको म्हणून.’

‘किती दिवस?’

‘तीन वर्षं झाली.’

त्यांनी मान हलवली नाही की सुस्कारा टाकला नाही. बिलाच्या पाठीवर बॉलपेनने दोन ओळी लिहिल्या. थायरॉइडची उठल्याबरोबर, नुसत्या पाण्याबरोबर, उपाशीपोटी. कॅल्शियम जेवणानंतर, मधे चार तास तरी जाऊ द्या. मग पेन तसंच हातात धरून म्हणाले, ‘आणखी काही चालू आहे का त्यांचं? रक्तदाबाचं? बाहेरून आणलेलं काही? आयुर्वेदिक?’

मी आठवत होतो. त्यांना घाई नव्हती. कोणी तरी विचारेल म्हणून बरीच वर्षं थांबल्यासारखे ते काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून उभे होते.

‘ओ काका,’ मागून आवाज आला, ‘गप्पा नंतर मारा ना. माझी स्लो जाईल.’

त्यांनी बिल माझ्या हातात दिलं आणि कात्री उचलली.

‘बोला.’

‘ती द्या, पांढरी. मधे रेघवाली. चारच.’