नडगीच्या ऑपरेशननंतर पोटरी रगडू नका

‘नडगीत रॉड घातला की तीन महिने पाय टेकायचा नाही आणि सूज उतरायला पोटरी तेलाने रगडायची’, असा मेसेज फिरतोय. हे चुकीचं आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. रॉड घातलेल्या बऱ्याच पेशंटना सर्जन एक्स-रे बघून वॉकरच्या आधाराने लवकरच थोडा भार द्यायला सांगतात. सांध्याजवळ प्लेट असेल तर जास्त थांबावं लागतं.

मालिश मात्र जिवावर बेतू शकते. ऑपरेशननंतर पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, रगडल्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. सूज असेल तर पाय उशांवर उंच ठेवा, सर्जननी परवानगी दिली असेल तर घोटा वरखाली हलवा. पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली, तर लगेच हॉस्पिटल गाठा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.