मधमाशीच्या डंखाने एमएस जातो म्हणे!

माझ्या मावसबहिणीला मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदू-मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करते. तिला परवा पुन्हा तोच फॉरवर्ड आला: मधमाशीचे डंख घ्या, एमएस, कंपवात, संधिवात मुळापासून जातात, नैसर्गिक असल्यामुळे अपाय शून्य, औषधकंपन्या हे दडवून ठेवतात. ‘औषध थांबवून बघू का?’ असं तिने विचारलं. नाही! एमएसची काही औषधं एकदम थांबवली तर आजार आधीपेक्षा जोरात उसळतो.

‘अपाय शून्य’ हे त्यातलं सगळ्यात घातक. वर सल्ला असा, की पहिल्या डंखाला काही झालं नाही तर पुढेही भीती नाही. ॲलर्जी चालते नेमकी उलटी. आधीच्या डंखांनी शरीर विष ओळखायला शिकतं, त्याविरुद्ध आयजीई नावाची, ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडं तयार करतं आणि पुढे कधीतरी एका डंखाला रक्तदाब कोसळतो, श्वास कोंडतो. स्पेनमधली 55 वर्षांची एक बाई दोन वर्षं साधारण दर महिन्याला हे डंख घेत होती, त्रास काही नव्हता. मग एका डंखानंतर लगेच घरघर सुरू झाली, ती बेशुद्ध पडली आणि काही आठवड्यांनी दगावली. 2018 साली तिथल्या डॉक्टरांनी हे प्रसिद्ध केलं. कितवा डंख महागात पडेल, हे फॉरवर्ड करणारा सांगणार आहे का?

आता गुण. नेदरलँड्समध्ये एमएसच्या 26 रुग्णांवर रीतसर चाचणी झाली: 24 आठवडे डंख, 24 आठवडे काहीच नाही, कुणाला आधी काय, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. आठवड्यातून तीनदा, एका वेळी 20 माश्यांपर्यंत. एवढं सोसून मेंदूच्या एमआरआयवर दिसणारे आजाराचे नवे डाग कमी झाले नाहीत, अपंगत्व नाही, थकवाही नाही. 2005 साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात हे छापून आलंय. कंपवातावर विषाचं इंजेक्शन देऊन झालेल्या फ्रेंच चाचणीतही तेच, खोट्या इंजेक्शनपेक्षा सरस काही नाही.

संधिवाताच्या काही छोट्या चाचण्यांत दुखणं कमी झालं, हे मान्य. पण त्या कच्च्या आहेत आणि ‘मुळापासून’ त्यांतही नाही. विषातलं मेलिटिन हे द्रव्य प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मारतं हेही खरं. ते पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं, तांबड्या रक्तपेशींच्यासुद्धा; म्हणजे निरोगी पेशीही सुटत नाहीत.

राहिलं कंपन्यांचं कारस्थान. मधमाशीच्या विषाचा एक सिद्ध उपयोग आहे: त्याच विषाची ॲलर्जी असलेल्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली अगदी सूक्ष्म मात्रेपासून ते टोचून सवय लावतात. ते शुद्ध विष औषधकंपन्याच बनवतात, उघडपणे विकतात.