खुलासा: बाटलीतलं पिवळं पाणी म्हणजे पीआरपी नव्हे

पशुपालकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: बैलाचं रक्त बाटलीत ठेवा, वर येणारं पिवळं पाणी म्हणजे पीआरपी, ते लंगड्या पायाच्या सांध्यात टोचा. हे चूक आहे. पीआरपी म्हणजे प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) भरपूर असलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा पातळ द्रव भाग.

मी पशुवैद्यक आहे, दवाखान्यात पीआरपी स्वतः तयार करतो. साध्या बाटलीत रक्त गोठतं, प्लेटलेट गुठळीतच अडकतात. वर उरतो तो नुसता सीरम, म्हणजे प्लेटलेट नसलेलं पिवळं पाणी. म्हणून त्याच जनावराचं रक्त सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेल्या निर्जंतुक नळीत घेतात. सेंट्रिफ्यूजमध्ये (नळी गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) आधी हळू फिरवून लाल पेशी खाली बसवायच्या, मग वरचा प्लाझ्मा वेगळा काढून जोरात फिरवायचा. तळाशी प्लेटलेटचा फिकट थर दिसतो. तोच थोड्या प्लाझ्मात हलक्या हाताने मिसळतात, तेच पीआरपी.

घरच्या सुईने सांध्यात जंतू गेले तर जनावर कायमचं अधू होऊ शकतं. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.